साष्टी बेटावरचा निसर्ग : कुठे जायचं आणि कधी जायचं?

खाडीकाठ

मुंबई १९ अंश उत्तरेला आणि मॉरिशस २० अंश दक्षिणेला. विषुववृत्तापासून दोन्ही जवळजवळ सारख्याच अंतरावर. दोन्हीकडे ज्वालामुखीचा काळा दगड, खारफुटी, नारळ, मुसळधार पाऊस. आणि दोन्ही बेटंच. तरी उष्ण कटिबंधातलं बेट पाहायचं म्हटलं की डोळ्यांसमोर अंदमान, बाली, मॉरिशस येतं. कुर्ल्याला गाडी बदलताना आपण साष्टी बेटावर, म्हणजे मुंबईची उपनगरं आणि ठाणे ज्यावर वसलंय त्या बेटावर उभे आहोत, हे कुणाच्या मनातही येत नाही.

मला याचं फार वाईट वाटतं. मी मुलुंडला राहते. घराच्या एका अंगाला राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर, दुसऱ्या अंगाला ठाण्याची खाडी. बिबट्यांचं जंगल, रोहित पक्ष्यांची (फ्लेमिंगोंची) खाडी आणि प्रवाळ असलेला खडकाळ किनारा, हे सगळं लोकलच्या पासात पाहता येतं असं दुसरं बेट मला तरी माहीत नाही.

आता धाग्याचं कारण. भाऊबीजेला दादा-वहिनी जळगावहून येतायत. मुलं सहावीत आणि नववीत. गेटवे, राणीची बाग, मरीन ड्राइव्ह त्यांचं आधीच पाहून झालंय. या वेळी त्यांना बेट दाखवायचं ठरवलंय : डोंगर, तळी, खाडी, किनारा. माझ्या यादीत कान्हेरी, शिवडी, गिल्बर्ट हिल, घारापुरी आणि गोराई आहे. भर घाला, खोडा, भांडा. फक्त एक विनंती, नुसतं जागेचं नाव लिहू नका. ती जागा कोणत्या महिन्यात, दिवसाच्या कोणत्या वेळी पाहावी तेही लिहा.

---

प्रभादेवीकर

धागा आवडला, पण मूळ मुद्द्यावरच शंका. साष्टी आता बेट उरलंय का? भराव झाले, पूल झाले. दक्षिणेकडची सात बेटं जोडून तर दोनशे वर्षं व्हायला आली. भूगोलाच्या पुस्तकात बेट म्हणत असतील, प्रत्यक्षात हा किनारपट्टीचाच तुकडा आहे असं मला वाटतं.

---

खाडीकाठ

प्रभादेवीकर, सात बेटांबद्दल बरोबर आहे. कुलाबा, माझगाव, परळ, वरळी, माहीम यांच्यामधलं पाणी गेलं. पण साष्टीचं तसं नाही. पूर्वेला ठाण्याची खाडी, उत्तरेला उल्हास नदी आणि वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र. वाशी, ऐरोली, कळवा, भाईंदर, घोडबंदर, कुठूनही बाहेर पडा, पुलाखाली खारं पाणी असणारच.

रेल्वेचा इतिहासच बघा. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ठाण्यापर्यंतच गेली, कारण बेट तिथे संपतं. खाडी ओलांडून कल्याणला गाडी पोचली ती १८५४ साली. पुलाने बेट जोडलं जातं, पण त्याचं बेटपण जात नाही. भरती-ओहोटी अजून चारही बाजूंनी येते-जाते.

---

दगडधोंडे

मॉरिशसचं नाव निघालंच आहे तर मला राहवत नाहीये.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि उत्तरेकडे सरकत होता. तेव्हा जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला, थरावर थर साचले. तो आपला दख्खनचा पठारी दगड, म्हणजे सह्याद्री आणि अख्खी मुंबई. बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात की पृथ्वीच्या पोटातला जो तप्त भाग या लाव्हाच्या मुळाशी होता, तो जागच्या जागी राहिला आणि वरचा भूखंड पुढे निघून गेला. त्याच तप्त भागावर पुढे लक्षद्वीप-मालदीवच्या रांगेचा पाया घातला गेला, नंतर मॉरिशस उभं राहिलं आणि आज रियुनियन बेट त्याच्यावर आहे. तिथला ज्वालामुखी अजूनही अधूनमधून लाव्हा ओकतो.

म्हणजे मॉरिशस आणि मुंबई एकाच चुलीवरची. मुंबई थोरली, मॉरिशस खूपच धाकटं.

हे मुलांना समजावायला गिल्बर्ट हिलसारखी जागा नाही. अंधेरी पश्चिमेला, गावदेवीच्या डोंगरीवर. साधारण २०० फूट उंच काळ्या बेसॉल्टचा सरळसोट कडा. नीट बघितलंत तर तो उभ्या खांबांची जुडी बांधल्यासारखा दिसतो. लाव्हा जाड थरात हळूहळू थंड होतो तेव्हा आकसतो, आणि आकसताना त्याला बहुकोनी भेगा पडतात. त्या भेगा वरून खाली उतरत गेल्या की असे स्तंभ तयार होतात. एवढा मोठा आणि एवढा सुबक नमुना शहराच्या मधोमध फार कमी ठिकाणी असेल. २००७ साली महापालिकेने त्याला वारसा दर्जा दिला, तोवर आजूबाजूचा बराच दगड खाणीत गेला होता.

---

अंधेरीकर

दगडधोंडे साहेबांच्या माहितीला शंभर पैकी शंभर. स्थानिक म्हणून थोडी भर घालतो. पाहुण्यांना घेऊन अर्धा दिवस काढण्याची ही जागा नाही. कड्याला लागून वस्ती आहे, पायथ्याशी गल्ल्या अरुंद आहेत, गाडी लावायला जागा मिळत नाही. स्टेशनहून रिक्षाने या. वर गावदेवी आणि दुर्गामातेचं मंदिर आहे, दगडात खोदलेल्या पायऱ्यांनी चढायचं, वरून सगळं अंधेरी दिसतं. पण स्तंभ बघायचे तर ते खालूनच, आणि दुपार टळल्यावर तिरप्या उन्हात भेगा उठून दिसतात. तासाभराचं काम. परतताना वेसाव्याला (वर्सोव्याला) जा.

---

रानवाट

राष्ट्रीय उद्यानात स्वयंसेवक म्हणून फिरतो, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, सोमवारी उद्यान बंद असतं. सुट्टीत आलेले पाहुणे हमखास सोमवारीच निघतात.

दुसरी, कान्हेरी. लोक लेणी बघायला जातात आणि तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहात फोटो काढून परततात. तिथे शंभरावर लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपास सुरुवात झाली आणि पुढे हजारेक वर्षं भिक्षू तिथे राहत होते. एवढी माणसं डोंगरावर राहायची तर पाणी कुठून आणणार? वर चढताना उतारावर दगडात कोरलेल्या पन्हळी दिसतात. पावसाचं पाणी त्या पन्हळीतून लेण्यांच्या अंगणातल्या टाक्यांत उतरवलंय. जवळजवळ प्रत्येक लेण्याला स्वतःचं टाकं. शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हटलंय आणि ती कुणी दान केली तेही कोरून ठेवलंय. बेटावर गोड्या पाण्याची किंमत काय असते हे त्या माणसांना पुरतं ठाऊक होतं. मुलांना ते पाणी कसं वाहत जातं ते शोधायला लावा, दोन तास कसे जातात कळणार नाही.

पुढे इंग्रजांनीही पाण्यासाठी हाच डोंगर धरला. विहार तलाव १८६० चा, तुळशी १८७९ चा. दोन्ही उद्यानाच्या हद्दीत आहेत आणि आजही मुंबईला पिण्याचं पाणी देतात, म्हणून काठावर मोकळं जाता येत नाही. ते बरंच आहे. दहिसर नदी या डोंगरातून निघते, आणि मिठी नदीत विहार-पवईचं ओसंडलेलं पाणी जातं. मिठीला गटार म्हणणाऱ्या माणसाला एकदा पावसाळ्यात इथे आणून तिचं मूळ दाखवायला हवं.

आता 'कधी' याबद्दल. हेच जंगल दर दोन महिन्यांनी वेगळं असतं :

माघ-फाल्गुनात पळस, पांगारा आणि सावर फुलतात. त्या पाठोपाठ कौशीचं पानगळ झालेलं झाड केशरी-लाल फुलांनी भरून जातं. ते मी कुणालाही चुकवू देत नाही. मेच्या शेवटी, पहिल्या सरीच्या आगेमागे, नवरंग पक्षी वीण करायला येतो. त्याची दोन सुरांची शीळ ऐकली की पाऊस जवळ आला समजायचं. श्रावणात झरे, शेवाळ, तेरडा, कळलावी. आणि दर आठ वर्षांनी कारवी.

कारवीबद्दल दोन ओळी जास्तीच्या. सात पावसाळे ती नुसती वाढते आणि आठव्याला डोंगरभर एकाच वेळी जांभळी होते, बी टाकते आणि वाळून जाते. आपल्या उद्यानात ती २०१६ ला आणि २०२४ ला फुलली. आता २०३२. तुमची सहावीतली भाची किंवा भाचा तोवर कॉलेजात असेल. आत्ता नुसती झुडपं दाखवून ठेवा, वारली-कोकणा घरांच्या कुडाच्या भिंती याच काठ्यांच्या असतात हेही सांगा.

दिवाळीत काय मिळेल? गवत पिवळं पडायला लागलेलं असतं, झऱ्यांना अजून थोडी धार असते, आकाश स्वच्छ असतं आणि फुलपाखरं भरपूर. शिलोंढ्याची पायवाट किंवा जांभूळमाळची चढण वनखात्याची परवानगी आणि वाटाड्या घेऊनच करा. जांभूळमाळ हा उद्यानातला सर्वांत उंच भाग, तिथून तळ्यांचं पाणी आणि चहूकडे वेढून आलेलं शहर एकाच नजरेत मावतं. तुम्हाला त्यांना बेट दाखवायचंय ना, ते तिथून दिसतं.

---

कांजूरचा_सुहास

रानवाट, बिबट्याचं काय? वहिनी घाबरतील. आमच्याकडेही पाहुणे आले की पहिला प्रश्न हाच असतो.

---

रानवाट

उद्यान आणि आसपासच्या परिसरात पन्नासच्या आसपास बिबटे आहेत. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या जंगलात ही खूप मोठी संख्या आहे. तरी दिवसाउजेडी, चालत्या वाटेवर, घोळक्याने फिरणाऱ्या माणसाला बिबट्या दिसत नाही. तो तुम्हाला पाहतो आणि बाजूला होतो. अंधार पडल्यावर जंगलाच्या कडेला लहान मुलांना एकटं सोडायचं नाही, उघड्यावर खाली बसायचं नाही, खरकटं टाकायचं नाही. खरकटं टाकलं की कुत्री येतात, आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो.

आरेच्या पाड्यांवर वाघोबाची ठाणी आहेत, शेंदूर लावलेला दगड किंवा कोरलेली लाकडी फळी. तिथले वारली पिढ्यानपिढ्या बिबट्यांच्या शेजारी राहतात आणि त्याला देव मानतात. बिबट्याबरोबर कसं राहायचं हे मला कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा त्यांच्याकडून जास्त शिकायला मिळालं. वहिनींना तिथे नक्की न्या, पण ओळखीच्या माणसाबरोबर आणि पाड्यावरच्या लोकांना विचारून. ती त्यांची घरं आहेत.

---

ठाणे_पूर्व

येऊरला विसरू नका! उद्यानाचीच ठाण्याकडची बाजू. पक्ष्यांसाठी बोरिवलीपेक्षा मला येऊर आवडतं. आणि घोडबंदर रोडवर ओवळ्याला ओवळेकर वाडीची फुलपाखरांची बाग आहे. ती रविवारी सकाळी उघडी असते. पावसानंतरचे दोन महिने तिथे सगळ्यात चांगले, म्हणजे तुमच्या पाहुण्यांना अगदी वेळेवर. ब्लू मॉर्मन, जे २०१५ पासून आपलं राज्य फुलपाखरू आहे, ते तिथे हमखास. तळहाताएवढं, काळं, पंखांवर निळा शिडकावा. नवव्या वर्गातल्या मुलालाही मोबाइल खिशात ठेवावासा वाटेल.

---

वेसावकर

मी कोळी. वाडवडील मासेमारी करत आले, मी नोकरी करतो, पण दर्या सुटलेला नाही. ताईने 'कधी' विचारलंय ते मला फार आवडलं, कारण बाकी सगळे 'कुठे' विचारतात. मुंबईचा समुद्र घड्याळावर चालत नाही, तिथीवर चालतो.

आमच्याकडे साधा हिशोब आहे. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, पहाटे आणि दुपारी. तिथून सहा तासांवर ओहोटी, म्हणजे नऊला. अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी. शुद्ध असो वा वद्य, हिशोब तोच. दहा-वीस मिनिटं इकडेतिकडे होतात.

पण वेळ कळून पुरत नाही, जोरही बघायचा. अष्टमी-नवमीला भांगाचं पाणी असतं, ते फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण, तेव्हा चढतंही खूप आणि ओहोटीला उतरतंही खूप. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरची भरती असली की महापालिका ते दिवस आधी जाहीर करते, ते सगळे उधाणाचेच दिवस असतात.

आता तुमची भाऊबीज. भाऊबीज म्हणजे कार्तिक शुद्ध द्वितीया. दोनची पाऊणपट दीड. भरती दुपारी दीडच्या सुमारास, ओहोटी सकाळी साडेसातला. आणि अमावास्येनंतरचं उधाणाचं पाणी, म्हणजे खडक लांबवर उघडे पडणार. पाहुण्यांना किनाऱ्यावरचे जीव दाखवायला याच्याहून चांगली सकाळ नाही. ओवाळणी दुपारी ठेवा आणि सकाळी पोरांना घेऊन किनाऱ्यावर चला.

---

खाडीकाठ

वेसावकर दादा, हे वाचून मी लगेच कालनिर्णय काढलं! इतकी वर्षं इथे राहते, पण पंचांगाचा हा उपयोग कुणी सांगितला नव्हता. पण मला एक सांगा, मुंबईच्या किनाऱ्यावर पाणी उतरल्यावर नेमकं काय दिसतं? आणि कोणता किनारा?

---

शिंपला

हे मी सांगते, गेली काही वर्षं हाच नाद आहे.

जुहूची वाळू नको, तिच्या टोकाचा खडकाळ भाग हवा. तसंच वांद्र्याचा कार्टर रोड आणि हाजी अली. पाणी मागे हटलं की दगडांमध्ये डबकी राहतात, त्या प्रत्येक डबक्यात वेगळा संसार. समुद्रफुलं, म्हणजे दिसायला फूल आणि असतो प्राणी, बोटभर अंतरावरूनही मिटून घेतात. रिकाम्या शंखात राहणारे साधू खेकडे. दगडाला घट्ट चिकटलेली कालवं. प्रवाळांचे भाऊबंद म्हणावेत असे झोअँथिड, हिरव्या-तपकिरी गालिच्यासारखे पसरलेले. नशीब असेल तर अंगठ्याएवढी रंगीत समुद्री गोगलगाय, आणि दगडाचा रंग घेऊन बसलेला ऑक्टोपस. हाजी अली-वरळीच्या खडकांवर खरे प्रवाळही आहेत. किनारी रस्त्याचं काम निघालं तेव्हा तिथल्या काही वसाहती उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या होत्या, तेव्हा कुठे बऱ्याच मुंबईकरांना कळलं की आपल्याकडे प्रवाळ आहेत.

'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा नागरिकांचा उपक्रम २०१७ पासून असे ओहोटीचे फेरफटके करतो. पहिल्या वेळी त्यांच्यासारख्या जाणकारांबरोबरच जा. एकटं गेलं तर नुसते ओले दगड दिसतात.

---

माहीमकाठ

शिंपला ताई, राग मानू नका, पण अशा जागांची नावं उघड लिहावीत का? मी माहीमला लहानाचा मोठा झालो. एखाद्या ठिकाणाचा व्हिडिओ फिरला की पुढच्या रविवारी तिथे शंभर माणसं असतात. डबक्यात हात घालतात, खेकडा पिशवीत भरून नेतात, दगड उलटे करून तसेच टाकून जातात. उलटा दगड म्हणजे त्याच्या खालच्या सगळ्या जिवांचं मरण. जंगलाला निदान फाटक आहे. किनाऱ्याला राखणदार कोण?

---

शिंपला

मुद्दा पटतो, यावर माझंही मन दोन्हीकडे ओढतं. पण मला वाटतं, जे कुणी पाहिलेलंच नाही ते वाचवायला कुणी उभं राहत नाही. भराव टाकताना 'इथे नुसता दगड आणि चिखल आहे' हे वाक्य किती सहज खपतं! त्या दगडावर काय आहे हे वांद्र्या-वरळीच्या हजार पोरांनी डोळ्यांनी पाहिलेलं असेल तर ते वाक्य इतकं सहज खपणार नाही.

म्हणून नावं लिहिते, पण नियमांसकट. काहीही उचलायचं नाही, शंखसुद्धा नाही, कारण रिकामा शंख हे साधू खेकड्याचं पुढचं घर असतं. आणि कोन शंखासारखे काही जीव विषारी असतात, हा तुमच्या फायद्याचा भाग. दगड उलटायचा नाही. हिरव्या शेवाळावर पाय नाही. घोळका लहान.

---

वेसावकर

माहीमकाठ भाऊंचं म्हणणं खोटं नाही. पण राखणदार कोण म्हणाल तर कोळीवाडे आहेत. किनाऱ्यावर जाण्याआधी तिथल्या माणसाला विचारलं, दोन शब्द बोललं, तर तो पाणी कधी फिरणार तेही सांगतो आणि कुठे पाय ठेवू नका तेही सांगतो. विचारत कुणी नाही.

---

निळा_खंड्या

पक्ष्यांवर कुणीच कसं बोललं नाही! शिवडी यादीत आहे म्हणून लिहितो.

रोहित पक्ष्यांसाठी दिवाळी लवकर होते. नोव्हेंबरात ते यायला लागतात, पण खाडी गुलाबी दिसायची तर जानेवारी ते मार्च. एप्रिल-मेपर्यंत बरेच थांबतात. लहान आणि मोठा अशा दोन्ही जाती येतात. चिखलातलं निळं-हिरवं शेवाळ लहान रोहितांचं खाद्य, त्यातल्या रंगद्रव्यानेच त्यांना तो रंग येतो. शिवडीच्या जेट्टीवरून पूर्वी जे दृश्य दिसायचं ते आता तसं राहिलेलं नाही. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू तिथूनच निघतो. पक्षी पुष्कळसे ठाणे खाडीत वर सरकलेत.

ठाणे खाडीचा भाग २०१५ साली रोहित अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा हा मान मिळाला. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून बोटी निघतात. वेसावकरांचा हिशोब इथे उलटा वापरायचा : किनाऱ्यावरचे जीव ओहोटीला, रोहित भरतीला. पाणी चढायला लागलं की चिखल बुडत जातो आणि पक्षी जवळ सरकतात. द्वादशी-त्रयोदशीला भरती सकाळी नऊ-दहाला येते, ती सगळ्यात सोयीची.

दिवाळीत तुम्हाला रोहित थोडे दिसतील, पण परदेशी पाहुणे आलेले असतील. तुतारी, पाणटिवळे, शेकाटे, कुरव. भांडुप पंपिंग स्टेशनच्या वाटेवर तिवरांच्या कडेने चाला. चिखलात निवट्या उड्या मारताना दिसेल, मासा असून पाण्याबाहेर फिरणारा. खारफुटीत कोल्हेही आहेत, मुंबईत कोल्हा आहे यावर जळगावच्या मुलांचा विश्वास बसणार नाही. पांढरी चिपी ओळखायला शिकवा, २०२० पासून ती राज्याचा खारफुटी वृक्ष आहे. तिची श्वासमुळं चिखलातून जाडसर शंकूसारखी वर आलेली असतात.

एक गोष्ट मनाला लागून राहिलीय म्हणून लिहितो. मे २०२४ मध्ये घाटकोपरला विमानाची धडक बसून तीसहून जास्त रोहित एका रात्रीत मेले. खाडीभोवतीच्या पाणथळ जागा कमी होत गेल्या की पक्षी इकडून तिकडे जास्त उडतात. खाडी फक्त पाण्याची नसते, भोवतालची तळी आणि मिठागरंही तिचीच असतात.

---

आईसोबत

सगळे चढण, चिखल, खडक सांगतायत. माझ्या आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालीय, तिला झाडं-पक्षी बघायची फार हौस आहे. तिच्यासारख्यांसाठी काही आहे का?

---

प्रभादेवीकर

आहे. धारावीला मिठीच्या काठी महाराष्ट्र निसर्ग उद्यान. ३७ एकर, १९९४ पासून खुलं. आधी तिथे शहराचा कचरा पडायचा, त्याच्यावर माती घालून झाडं लावली आणि आज आत शिरल्यावर रस्त्याचा आवाजसुद्धा विरतो. वाटा सपाट आहेत. सकाळी लवकर न्या.

दुसरं, मलबार हिलला २०२५ मध्ये सुरू झालेली झाडांच्या शेंड्यांमधून जाणारी लाकडी वाट, जवळजवळ अर्धा किलोमीटरची. वेळ आधी ऑनलाइन ठरवून जा. सुट्टीच्या दिवशी दुपारी गर्दी होते.

(बेटाबद्दलचा माझा आक्षेप मी मागे घेत नाही, पण १८५३ ची गाडी ठाण्यालाच का थांबली हे आज पहिल्यांदा लक्षात आलं.)

---

निळा_खंड्या

आईंना ऐरोलीच्या बोटीतही नेता येईल. फेब्रुवारीत न्या. फक्त बोटीत चढताना पायरी खोल असते, एकाने हात धरा.

---

उरणची

घारापुरी यादीत आहे म्हणून. ते साष्टीवर नाही, वेगळं बेट आहे आणि आमच्या उरण तालुक्यात येतं. गेटवेहून बोटीला साधारण तास लागतो. तिथेही सोमवारी लेणी बंद. लेणी १९८७ पासून जागतिक वारसा आहेत, ते सगळ्यांना माहीत असतं. पण लेणी पाहून झाल्यावर वरच्या तोफांच्या टेकडीवर कुणी जात नाही. तिथून सगळं बंदर दिसतं. खाली शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर अशी तीन गावं आहेत. त्यांना समुद्राखालून केबल टाकून वीज मिळाली ती २०१८ मध्ये. समोर मुंबई रात्रभर झगमगते आणि इथे इतकी वर्षं अंधार होता, हेही मुलांना कळू द्या.

आणि कृपा करून बोटीवरून कुरवांना गाठ्या-फरसाण टाकू नका. फोटो छान येतो, पण तळलेलं-खारवलेलं खाणं त्यांच्या पोटासाठी नाही. मोठी माणसं टाकतात म्हणून मुलं टाकतात.

---

खाडीकाठ

किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी! बेत आता असा :

भाऊबीजेला पहाटे उठून कार्टर रोड, साडेसातच्या ओहोटीला, जाणकारांबरोबर. दुपारी ओवाळणी आणि पुरणपोळी. दुसऱ्या दिवशी कान्हेरी, फक्त पाण्याचा माग काढायचा. रविवारी ओवळा. एक संध्याकाळ भांडुपच्या तिवरांत. गिल्बर्ट हिल दादाला विमानतळाकडे सोडताना. घारापुरी आणि शिवडी या खेपेला वगळतेय. रोहित बघायला त्यांना फेब्रुवारीत पुन्हा बोलावणार, द्वादशी बघून. गोराईबद्दल कुणीच काही लिहिलं नाही, तीही राहू दे.

वेसावकर दादा, एवढंच विचारायचं होतं : साडेसातला ओहोटी, तर किनाऱ्यावर किती वाजता उतरायचं आणि कधी परतायचं? मुलं एकदा रमली की निघत नाहीत.

---

वेसावकर

साडेसहाला उतरा, पाणी मागे जात असताना त्याच्या पाठोपाठ चालायचं. साडेसातला पाणी थबकतं, पंधरा-वीस मिनिटं. मग फिरतं. फिरलेलं पाणी पहिल्या तासात हळू असतं म्हणून माणूस फसतो, दुसऱ्या-तिसऱ्या तासात ते झपाझप चढतं, आणि खडकात ते समोरून न येता बाजूच्या घळीतून मागे येतं. सव्वाआठला सगळ्यांनी वाळूवर. मुलं रडली तरी चालेल. चप्पल नको, जुने कॅनव्हासचे बूट घाला, कालवांची धार पाय कापते. पाण्याची बाटली न्या, आणि परत आणा.

---

रानवाट

कान्हेरीला उद्यानाच्या तिकिटाशिवाय लेण्यांचं तिकीट वेगळं असतं, आणि मुख्य दारापासून लेणी लांब आहेत. सायकली भाड्याने मिळतात, मुलांना त्याच घ्या. मी त्या दिवशी तिथेच असेन. पन्हळी कुठून सुरू होतात ते दाखवतो.